काशीचं सोडणं आणि आमचं फ्रूट सॅलड

फ्रूट सॅलड करायला अक्कल लागत नाही, असं आमच्या शाळेतल्या गृहशास्त्राच्या बाई म्हणायच्या. दूध आटवा, साखर घाला, थंड होऊ द्या, मिळतील ती फळं चिरून टाका, झालं. या बाईंना माझ्या लग्नानंतर एकदा आमच्या घरी जेवायला बोलवायला हवं होतं. माझ्या सासरी फ्रूट सॅलड करायचं म्हटलं की आधी घरातल्या कुठल्या माणसानं काशीत कोणतं फळ सोडलंय, याची चौकशी करावी लागायची.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काशीला गेलं की तिथं काहीतरी सोडून यायचं असतं. एखादं फळ, एखादी भाजी, आपल्याला मनापासून आवडणारी. गंगेच्या काठावर पंड्यासमोर हातावर पाणी घेऊन ती सोडली की जन्मात पुन्हा तोंडात घालायची नाही. घरचं माणूस काशीकर असेल तर स्वयंपाकघरात ते ध्यानात ठेवावं लागतं.

मी खामगावची. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा लग्न होऊन मेहकरकडच्या एका खेड्यात आले. एसटीतून फाट्यावर उतरायचं आणि गाडीवाटेनं गावापर्यंत चालायचं. घरी ज्वारी, कापूस, थोडा गहू. घरात सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाई, मामाजींची थोरली विधवा बहीण आणि आम्ही दोघं. या थोरल्या बहिणीला सगळे आत्या म्हणायचे. बाकी सगळा गाव मामाजींना वचकून असायचा आणि मामाजी आत्यांना.

माझ्या आईनं रुखवताबरोबर कस्टर्ड पावडरचा एक डबा दिला होता. भांड्याकुंड्यांपेक्षा मला त्याचाच अभिमान जास्त. त्या गावात तेव्हा असा डबा कुणी पाहिलेला नव्हता. आत्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला आणि विचारलं, यात कोंबडीचं काही नाही ना? मी सांगितलं, मक्याचं पीठ आहे. मग त्यांनी तो उपासाच्या फडताळातून काढून धान्याच्या फडताळात ठेवला. आत्यांच्या राज्यात मक्याला मक्याची जागा होती.

पहिल्याच हिवाळ्यात मी हौसेनं फ्रूट सॅलड केलं. केळी, जांब म्हणजे तुमचा पेरू, थोडी पपई, आणि दूध मस्त दाट. वाट्या भरल्या. आत्यांनी वाटीत डोकावून विचारलं, यात केळं हाय काय? मी म्हटलं, आहे की, केळ्याशिवाय कसलं फ्रूट सॅलड. त्यांनी वाटी दूर सारली. आत्यांनी काशीत केळं सोडलेलं. तरुणपणी त्यांना केळं इतकं आवडायचं, की म्हणूनच त्यांनी ते सोडलं. व्रताच्या बाबतीत आत्या म्हणजे सोन्याचा काटा, गुंजभर इकडे नाही की तिकडे नाही. केळ्याला लागलेला चमचासुद्धा त्यांना चालत नसे. मला रडूच आलं. रडू आलं की मला राग येतो आणि राग आला की मी भांडी आपटते, हे घराला तेव्हाच कळलं.

मामाजी मात्र वाटीवर वाटी रिचवत होते. मी म्हटलं, मामाजी, तुम्ही पण काशीला जाऊन आलात ना, तुम्ही कोणतं फळ सोडलं? मामाजी मिशी पुसत म्हणाले, नासपती. मी विचारलं, ते कसं असतं? तर म्हणाले, तिकडं उत्तरेत होते. म्हणजे जे फळ आमच्या गावात सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं, ते या माणसानं गंगेला साक्षी ठेवून सोडलं होतं. गावात हे नवीन नव्हतं. आमच्या शेजारच्या पाटलांनी कारलं सोडलं होतं आणि त्यांना कारलं लहानपणापासून आवडत नव्हतं. पुरुषांनी काशीला जाऊन असा हिशेबी त्याग करून यायचा आणि बायकांनी खरं आवडतं ते सोडायचं, अशी एकूण वाटणी होती.

सासूबाई अजून काशीला गेल्या नव्हत्या. म्हणजे त्यांना सगळं चालत होतं. पण चालून उपयोग काय? पुरुषांची जेवणं व्हायची, मग आला-गेला, मग गडीमाणूस, मग आम्ही, आणि सगळ्यात शेवटी सासूबाई. तोवर गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी दूध आणि काळ्या पडलेल्या केळ्याचे दोन तुकडे. त्या गंज तिरपा करून बोटानं पुसून खायच्या. आंबे आले की कोया त्यांच्या, दूध तापलं की खरवड त्यांची, भाकरी उरली की सकाळी शिळा कुटका त्यांचा. आणि वर घरातल्यांचं ठाम मत, की त्यांना तेच आवडतं. मामाजी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, आमच्या घरच्यांना ताजी भाकर गोडच लागत नाही. सासूबाई हसायच्या. मी आतून जळायची.

कारण मला ठाऊक होतं त्यांना काय आवडतं. एकदा खामगावहून माझ्या वडलांनी संत्र्यांची टोपली पाठवली. सगळ्यांना वाटून झाल्यावर एक लहानसं संत्रं राहिलं ते मी सासूबाईंच्या हातात कोंबलं. त्या ते घेऊन गोठ्याच्या मागं गेल्या. मी कडबा आणायला गेले तर त्या दगडावर बसलेल्या. एकेका फोडीवरचं पातळ कातडं सोलायच्या, बिया काढायच्या, आणि फोड तोंडात ठेवून डोळे मिटायच्या. सालं हातांवर चोळली, मग तेच हात तोंडावरून फिरवले. मी पाय न वाजवता परत आले. या बाईला काय आवडतं ते त्या घरात मला एकटीलाच माहीत, याचा मला मोठा दिमाख वाटला आणि वाईटही वाटलं.

तर त्या सासूबाईंचं एका माघात काशीला जायचं ठरलं. खळी उरकली होती, हाताशी सवड होती, आणि गावातल्या बऱ्याच जणांचा मेळ जमला होता. बैलगाडीनं फाट्यापर्यंत, एसटीनं मलकापूर, तिथून आगगाडी. मामाजी एकदा जाऊन आलेले, आत्याही. त्यामुळे सासूबाई गावातल्या बायकांबरोबर जाणार होत्या. लग्न झाल्यापासून माहेरापलीकडं त्या कुठंच गेल्या नव्हत्या. त्यांनी एक लुगडं धुऊन घडी करून ठेवलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केली.

आणि मग घरात एकच विषय. त्यांनी काय सोडायचं? मामाजींनी स्वतःच्या अनुभवावरून सफरचंद सुचवलं. आमचे हे म्हणाले, आई, तू शिंगाडा सोड, इकडं कुठं मिळतो. आत्यांनी दोघांनाही झापलं. आवडीचं सोडायचं म्हणजे आवडीचं सोडायचं, देवाला काय डोळे नाहीत? मग आत्या सासूबाईंकडे वळल्या, तुले काय आवडते सांग. मामाजींनीच उत्तर दिलं, तिले काय आवडन, शिळा कुटका! सगळे हसले. सासूबाईही हसल्या.

मला मात्र चैन पडेना. मला खात्री होती की ही बाई खरं बोलणारी, ही काशीत संत्रंच सोडून येणार. वर्षा-दोन वर्षांत कधीतरी, गोठ्यामागं बसून का होईना, जे एक सुख तिच्या वाट्याला येतं तेही गंगेत सोडून येणार आणि वरून समाधानानं हसणार. मी त्यांना एकदा हळूच म्हटलं, आई, तुम्ही शिंगाडाच सोडा. त्या म्हणाल्या, असं कराव काय पोरी देवापाशी? मी म्हटलं, मामाजींनी केलं. त्या म्हणाल्या, त्यायचं वेगळं.

निघायच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, या बाईला एकदा पोटभर, मनसोक्त फळं खाऊ घालायची. जे काय सोडायचं ते सोडू दे, पण खाऊन तरी सोडू दे. यांच्या मागं लागून मेहकरच्या बाजारातून फळं आणवली. केळी, जांब, डाळिंब, लोणारहून आलेली पपई, चार द्राक्षं आणि संत्री. आत्यांसाठी केळ्याशिवाय एक गंज वेगळा. दूध सकाळीच आटवलं, कस्टर्ड घातलं, आणि गंजाला ओलं फडकं गुंडाळून तो माठाच्या ओल्या वाळूत बसवला. आमचं फ्रिज ते. संत्रं आयत्या वेळीच घालायचं, नाहीतर दूध फाटतं, हा धडा मी आधी एकदा शिकून बसले होते. म्हणून संत्र्याच्या फोडी सोलून वेगळ्या ठेवल्या, अगदी सासूबाई सोलायच्या तशा, कातडं काढून. एक मोठी वाटी काठोकाठ भरली, वर फोडी रचल्या आणि झाकून कोनाड्यात ठेवली. ही आईंची, कुणी हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावून सांगितलं.

पण काशीला जाणाऱ्या माणसाला भेटायला गाव लोटतं, हे मी धरलं नव्हतं. माणूस परत येईल न येईल या हिशेबानं सगळे गळाभेट घ्यायला येतात. दुपारपासून रीघ लागली. आलेल्याला रिकामं कसं पाठवायचं? वाटी वाटी करत गंज रिकामा होत गेला. सगळ्यात शेवटी वेशीपलीकडची एक म्हातारी काठी टेकत आली आणि मी चुलीशी वळले तेवढ्यात सासूबाईंनी कोनाड्यातली वाटी काढून तिच्या हातात दिली. म्हातारी बोळक्या तोंडानं संत्र्याच्या फोडी चघळत राहिली. आणि सासूबाई खाली बसून, गंज तिरपा करून, बोटानं पुसायला लागल्या.

माझं डोकं फिरलं. म्हातारी जाईपर्यंत मी कसाबसा दम धरला आणि मग जे तोंड सुटलं ते सुटलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमच्यासाठी केलं होतं, दिवसभर राबले, तुम्हाला स्वतःचा जीव आहे की नाही, असं बरंच. सासूबाई नेहमीसारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे व पोरी. मले खरवडच आवडते."

"एवढी आवडते ना," मी म्हटलं, "मग तीच सोडून या काशीत."

आत्या ओसरीवरून ऐकत होत्या. सुनेनं सासूला असं बोलावं, हे त्या काळी लहान गोष्ट नव्हे. आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी वाट पाहिली. पण ती निघाली नाही. सासूबाईंनी गंज घासायला घेतला आणि बराच वेळ घासत राहिल्या. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत बसताना त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला एवढंच.

त्या गेल्या आणि घराचं जे व्हायचं ते झालं. सगळ्यांच्या शेवटी कुणीतरी जेवायचं असतं, ते आता माझ्यावर आलं. मी काही गंज पुसणारी नव्हते. मी माझी भाकरी आधीच काढून ठेवायची आणि आत्यांनी पाहिलं तरी पदर सावरून चालू लागायची. पण एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. गडीमाणूस जेवल्यावर भाकरीबरोबरचं कोरड्यास संपलेलं असायचं. नेहमीच संपत असणार. इतकी वर्षं ही बाई काय खात होती?

काशीकर परतले ते माघ सरता सरता. आमच्या गावची रीत अशी, की काशीहून आलेला माणूस थेट घरात शिरत नाही. मारुतीच्या पाराशी मुक्काम करायचा, मग वाजतगाजत घरी आणायचा, आणलेल्या गंगेची पूजा करायची आणि गावाला जेवण घालायचं. या जेवणाला मावंदं म्हणतात. पारावर बायकांचा गराडा पडला. सगळ्यांना एकच पुसायचं होतं, काय सोडलं? कुणी वांगं सोडलं होतं, कुणी बोरं. सासूबाई म्हणाल्या, मावंद्याले सांगतो. मला वाटलं, झालं, संत्रं गेलं. माझ्याकडे पाहायचं त्या टाळत होत्या.

मावंद्याला बुंदी करायची असा मामाजींचा हुकूम होता. बुंदी होतीच, पण फ्रूट सॅलडही झालं पाहिजे असा मी हट्ट धरला आणि डब्यात होतं नव्हतं ते सगळं कस्टर्ड उकळून टाकलं. आमच्या आळीतल्या बायका सकाळपासून माझ्याबरोबर विळीवर बसल्या होत्या. फळं चिरता चिरता चेष्टेला ऊत आलेला. पूजा झाली, गंगेचे थेंब सगळ्यांच्या डोक्यावर पडले, सासूबाईंच्या ओटीत नारळ, केळी, जांब, संत्री पडली, आणि पंगती बसायला लागल्या. आधी पुरुष. मग पोरंसोरं. मग गडीमाणसं. फ्रूट सॅलडची वाहवा होत होती आणि मी हवेत तरंगत होते. एका म्हाताऱ्यानं तर द्रोण चाटून पुसून, हे दूध कोणत्या गायीचं, असं विचारलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा बायकांची पंगत बसली. सासूबाईंना मधोमध बसवलं, मानाची जागा. मी वाढायला गेले. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. मला वाटलं, कमी वाढ म्हणतात. पण त्या हात काढेनात.

"मले नोको वाढू," त्या म्हणाल्या. "मले चालत नाही हे आता. मी काशीत सोडलं."

बायकांमध्ये खसखस पिकली. फूट सालड सोडलं काय व, एकीनं विचारलं. सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"उरलेलं सोडलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यायचं जेवण झाल्यावर जे राह्यते ते. इथं सगळे म्हनत, मले तेच आवडते. आवडीचं सोडा लागते ना? मंग तेच सोडलं."

मग एक म्हातारी, हसत होती की नाही ते कळू नये अशा आवाजात म्हणाली, "मंग तू उपाशीच राह्यशीन बाई. आपल्याले दुसरं असते काय?"

सासूबाईंनी मग काशीची हकिगत सांगितली. पंड्यानं विचारलं, क्या छोड़ोगी माई? यांनी सांगितलं, उरलेलं. पंड्याला कळेना. शेजारच्या बाईनं हिंदीत सांगितलं, बचा-खुचा. पंडा म्हणाला, ते काय फळ आहे? यांनी सांगितलं, माह्या घरी मले सालभर तेच फळ येते महाराज. पंड्यानं यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गंगेचं पाणी यांच्या हातावर घातलं. यावर आमची सगळी पंगत खो-खो हसली, सासूबाई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी वाढपाचा गंज खाली ठेवून दिला.

गलबला ऐकून मामाजी ओसरीवरून आत आले. काय झालं ते त्यांना कुणीतरी सांगितलं. गावासमोर असं व्हावं हे त्यांना रुचलं नव्हतं. त्यांनी आधी ते थट्टेवारी न्यायला पाहिलं. मग वाद घातला. हे कुठं उरलेलं आहे, गंजात तर अजून इतकं आहे. आणि असं काही सोडतात का कुठं, फळ सोडतात, भाजी सोडतात. मोडून टाक म्हणावं, त्यात काही पाप नाही.

तेव्हा आत्या उठल्या. ज्या आत्यांच्या केळ्यापायी मी इतकी वर्षं दोन गंज घासत आले, त्या आत्या.

"तू नासपती सोडली तवा मी बोलली काय तुले?" त्या भावाला म्हणाल्या. "गंगेवर सोडलेलं सोडलेलं. चूल पेटवा."

मामाजी भिंतीशी जाऊन बसले, तिथून हलले मात्र नाहीत. पंगतीतल्या एकाही बाईनं पत्रावळीला हात लावला नाही. हिचं होऊ द्या, मग आम्ही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. चूल पेटली. एकजण कणीक भिजवायला बसली, एकीनं वरण टाकलं. आणि मी फ्रूट सॅलड करायला घेतलं.

कस्टर्ड संपलं होतं. आटवायला वेळ नव्हता. गोठ्यात धार निघत होती, तेच दूध गाळून तापवलं आणि पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून कुणी पदरानं, कुणी सुपानं वारा घालून निववलं. साखर घातली. फळं सासूबाईंच्या ओटीतलीच घेतली, अखंड, कुणाच्या वाट्याची न राहिलेली. दोन केळी, एक जांब, बिया काढून. संत्री मी सोलायला घेतली, तर माझ्या हातातून आत्यांनी ती ओढून घेतली. फोडीवरचं कातडं काढायचं बरं का आत्या, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, माहीत हाय, लहानपणी लग्न होऊन आली तवा हिनं माह्यासमोरच खाल्ली हायेत. म्हणजे दिमाख वाटायचं मला काही कारणच नव्हतं.

शाळेतल्या बाईंनी ते फ्रूट सॅलड पाहिलं असतं तर नापास केलं असतं. पातळ, कोमटसर, फळांचे तुकडे लहानमोठे. पण आजवर मी जितकं केलं त्यात मला तेच आठवतं. गरम पोळी, वरण-भात आणि ती वाटी सासूबाईंसमोर ठेवली. सगळा गाव बघतोय आणि आपण एकटी जेवतोय, या लाजेनं त्यांना घास उतरेना. मग आत्या म्हणाल्या, खाय, काशीहून आलेल्या बाईले उपाशी ठेवलं तर पाप आम्हाले लागीन. तेव्हा त्यांनी वाटी उचलली. पहिली संत्र्याची फोड खाल्ली. डोळे मिटले. मग केळं, मग पुन्हा संत्रं. घाई नव्हती. मी त्यांना घाईशिवाय जेवताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढं घराची घडी बदलली. व्रत मोडायचं नाही म्हणून आत्यांनी नियमच केला, की तवा तापल्यावर पहिली भाकरी सासूबाईंच्या ताटात पडली पाहिजे. मामाजींना ते गिळायला जड गेलं, पण काशीपुढे आणि बहिणीपुढे त्यांचं चालेना. गावातल्या बऱ्याच बायकांनी तेव्हापासून काशीच्या गोष्टी पुन्हा पुन्हा विचारायला सुरुवात केली आणि काही नवऱ्यांनी काशीचा विषय काढणं बंद केलं. पण हे नंतरचं. त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

सासूबाईंचं पोट भरलं. वाटीत थोडं दूध, केळ्याचे दोन तुकडे आणि संत्र्याची एक फोड उरली होती. ताटात काही टाकायची त्यांना सवय नव्हती. त्या वाटीकडे पाहत राहिल्या, पण खाववेना, आणि शेवटी त्यांनी वाटी बाजूला ठेवली. बायका आता आपापल्या पत्रावळीकडे वळल्या होत्या, मी पुन्हा गंज उचलला होता. मामाजी भिंतीपासून उठले. पंगत ओलांडून ते सासूबाईंपर्यंत आले, वाकले आणि ती वाटी त्यांनी उचलली. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. बाईनं नवऱ्याच्या ताटात जेवावं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. उलटं कुणी पाहिलेलं नव्हतं.

सासूबाई घाबरून अर्ध्या उठल्या. "अहो, माहं उष्टं हाय ते."

"माहीत हाय," मामाजी म्हणाले. त्यांनी वाटी तोंडाला लावली, फोड चावून खाल्ली, आणि रिकामी वाटी स्वतः मोरीवर नेऊन ठेवली.